हळदीची वाहतूक

कोणताही सरकारी नियम तीनदा नीट वाचला की समजतो, अशी परशुराम केणे यांची ठाम समजूत होती. पहिल्यांदा वाचताना माणूस घाबरतो, दुसऱ्यांदा चिडतो आणि तिसऱ्यांदा त्याला अर्थ लागतो, असं ते सांगत. मानपाड्याच्या मागच्या त्यांच्या गावात आता घरांपेक्षा टॉवरच जास्त झालेत. पण जुन्या गावठाणात परशुरामभाऊंना मान होता तो या वाचनामुळेच. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी टाइमकीपर म्हणून काढली. कामगार गेटातून कधी आत आला आणि कधी बाहेर पडला हे बघणं, एवढंच काम. ती शिस्त अंगात इतकी मुरली, की घरी पाहुणा आला तरी भाऊंची नजर आधी घड्याळाकडे जायची आणि मग पाहुण्याकडे.

करोना आल्यापासून भाऊंचा भाव फारच वधारला. सरकारने आदेश काढला की लोक तो मोबाइलमध्ये घेऊन त्यांच्या ओट्यावर यायचे. रस्त्याच्या कुठल्या बाजूची दुकानं कुठल्या दिवशी उघडी, कोंबडी अत्यावश्यक आहे का, आणि असेल तर कोंबडीचा मसाला अत्यावश्यक आहे का, असे प्रश्न असत. भाऊ चष्मा पुसून, सगळ्यांना लांब बसवून अर्थ सांगायचे, आणि लोक घरी पोचेपर्यंत नवा आदेश निघायचा. गर्दी टाळावी म्हणून किराणा सकाळी चारच तास उघडा ठेवलाय, आणि त्या चार तासांत अख्खा गाव वाण्याच्या दारात एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभा आहे, हे भाऊंनाही दिसत होतं. पण त्यात नियमाचा काही दोष नाही, असं त्यांचं मत. लोकांनी तो दोनदाच वाचला होता.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं, कल्पिताचं लग्न करोनाच्या दुसऱ्या लाटेत यावं, हे नियमांचं दुर्दैव की भाऊंचं, ते ठरवणं अवघड आहे. मुलगा दिवा गावचा, मितेश नावाचा, गुणी. लग्न आधीच्या वर्षीच व्हायचं होतं. तेव्हा सगळंच बंद झालं म्हणून पुढे ढकललं. मग पन्नास माणसांना परवानगी आली, ती भाऊंना कमी वाटली. मग जरा ढील मिळाली तेव्हा मुहूर्त नव्हता. आणि मुहूर्त सापडला तेव्हा सरकारने ठरवलं, की लग्न पंचवीस माणसांत, एका हॉलमध्ये आणि दोन तासांच्या आत.

दोन तासांचं भाऊंना काही वाटलं नाही, उलट ते खूश झाले. लग्न वेळेत लागावं ही त्यांची फार जुनी इच्छा होती आणि आता खुद्द सरकार पाठीशी होतं. अंतरपाट कधी धरायचा, हार कधी घालायचे, मामाने किती वेळ रडायचं, सगळं त्यांनी शिफ्टसारखं आखून ठेवलं. अडचण होती ती माणसांची, आणि त्याहून मोठी अडचण होती हळदीची.

ज्यांनी फक्त सोसायट्यांतल्या हळदी पाहिल्या आहेत त्यांना वाटेल, नवरीच्या गालाला बोट लावायचं आणि फोटो काढायचा, एवढीच ती. आगरी गावात तसं नसतं. तिथे लग्नाच्या आदल्या दिवशी हळद होते, आणि लग्न म्हणजे हळदीच्या दुसऱ्या दिवशी उरकायचं काम. हळदीला गाव येतो, शेजारचा गाव येतो, रस्त्याने जाणाराही वाजप ऐकून आत वळतो, आणि जेवल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. धवलारीण म्हातारी धवले गाते, त्याशिवाय नवरीला हळद चढत नाही; आणि डीजे वाजतो, त्याशिवाय तरुण पोरं घरी जात नाहीत. परशुरामभाऊंनी आयुष्यात गावातली एकही हळद चुकवली नव्हती. प्रत्येक दारात वडे आणि मटण खाल्लं होतं, आणि "आमच्या कल्पिताच्या वेळी या हां" असं प्रत्येक दारात सांगितलं होतं.

आता पंचवीसातले निम्मे दिव्याचे. उरलेल्या बारांत भटजी, फोटोवाला, धवलारीण सगुणाबाई आणि घरचे. भाऊंनी सल्ला घ्यायला सुरुवात केली, ही त्यांची पहिली चूक. एक जण म्हणाला, फोटोवाल्याला माणसात धरू नका, तो सेवा आहे. दुसरा म्हणाला, लहान पोरं अर्धी धरा, बसमध्ये धरतात तशी. कंपनीतला जुना सोबती मॉरिस, याने ठाण्याहून फोन करून कळवलं, की त्याच्या केव्हिनचं लग्न मोबाइलवर पाहुण्यांना दाखवलं, फार सोयीचं पडलं. फक्त ऐन शपथेच्या वेळी फादरचा आवाज बंद झाला आणि वसईच्या मावशीच्या स्वयंपाकघरातला कुकर मोठ्याने ऐकू आला. नवराबायको झाले की नाही याबद्दल घरात अजून थोडी शंका होती.

या सगळ्यातून भाऊंनी बारा जण निवडले, आणि त्या बारांत त्यांचा सख्खा थोरला भाऊ भिवा नव्हता.

इथे जरा थांबून सांगायला हवं. भिवादादा सत्तरीचे, वडील गेल्यावर परशुरामला त्यांनीच शिकवलेलं, आणि कल्पिता चालायला लागेपर्यंत जमिनीपेक्षा त्यांच्याच खांद्यावर जास्त राहिलेली. महिन्याभरापूर्वी दादा करोनातून बाहेर आले होते. ऑक्सिजनवर होते तेव्हा भाऊ रोज हॉस्पिटलच्या इमारतीसमोर रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, आत सोडत नव्हते तरी. दादा घरी आले, पण चार पावलं चालले की बसत होते. डॉक्टरांनी दम भरला होता, की गर्दीत जायचं नाही, पुन्हा काही झालं तर माझ्याकडे उपाय नाही. खरं कारण हे होतं. परशुरामभाऊंना भीती वाटत होती. पण मोठ्या भावासमोर भीती कशी बोलायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून त्यांनी नियम सांगितला. दादांच्या ओट्याखाली उभं राहून, मोबाइल काढून, साठ वर्षांवरील व्यक्तींनी समारंभ टाळावेत हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं.

भिवादादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंजे पंचवीस मानसांन मी नाय बसत."

"दादा, नियमात..."

"नियम तुजे घरान ठेव. आता तुजे पोरीची हलद मना कलवू पन नको."

आणि आत जाऊन दार लावून घेतलं. गावठाणातली दारं दिवसा कुणी लावत नाही, त्यामुळे ही बातमी भाऊ घरी पोचायच्या आधी घरी पोचली. बायको गोदाने भांडी जरा जास्त आवाज करून घासली. भिवादादांना आबा म्हणणारी कल्पिता मात्र बोलली. "पप्पा, आबांशिवाय मी हळदीला बसणार नाही," ती म्हणाली. "लग्न करा तुम्ही दोन तासांत, मला काय. हळद आबा लावतील, नाहीतर नको."

भाऊंनी आदेश चौथ्यांदा वाचायला घेतला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. आणि चौथ्या वाचनात त्यांच्या लक्षात आलं, की आदेशात सगळीकडे विवाह म्हटलंय, हळद हा शब्दच नाही. म्हणजे हळदीला मनाई नाही, परवानगीही नाही. नियमात जागा रिकामी आहे, आणि रिकामी जागा भरून घेतल्याशिवाय टाइमकीपरला झोप येत नाही. उघड्या अंगणात, लांब लांब बसवून, थोडी थोडी माणसं आणून हळद करता आली, तर दादांना एका कोपऱ्यात वाऱ्याला बसवता येईल. भाऊंनी अर्ज लिहिला. विषय: हळदीस परवानगी मिळणेबाबत.

हा अर्ज घेऊन ते किती खिडक्या फिरले ते सांगत बसलं तर ही गोष्टही दोन तासांत संपायची नाही. लग्नाच्या खिडकीवर सांगितलं, आम्ही फक्त लग्न बघतो. मंडपाच्या खिडकीवर सांगितलं, मंडप बंद आहेत. पोलिसांनी सांगितलं, आधी तिकडचं आणा, आणि तिकडच्यांनी सांगितलं, आधी पोलिसांचं. शेवटी एका दयाळू शिपायाने कोपऱ्यातली एक खिडकी दाखवली, जिथे रांग नव्हती. त्या खिडकीवर वरती काहीतरी लिहिलेलं होतं, पण त्यावर सॅनिटायझरची जाहिरात चिकटवलेली होती.

आत बसलेले साहेब सांगलीकडून नुकतेच बदलून आलेले. तोंडावर दोन मास्क, समोर काच आणि काचेवर आणखी प्लास्टिकचा पडदा. भाऊ आणि साहेब एकमेकांना पाण्यातल्या माशांसारखे दिसत होते.

"विषय काय?" साहेबांनी विचारलं.

"हळद," भाऊ म्हणाले.

साहेब एकदम सरसावून बसले. सकाळपासून कुणी कोबी, कुणी कांदा, कुणी जनावरांचं खाद्य घेऊन आलेलं. परमुलखात आपल्या सांगलीच्या मालाचं नाव ऐकून त्यांना भरून आलं असावं. "किती आहे?"

"एरवी हजारावर जाते. पण सध्या तुम्ही म्हणाल तेवढी."

"येणार कुठून?"

"मूळ दिव्याहून. तिकडची उष्टी आली, की मग आमच्याकडे लागते." मुलाकडची उष्टी हळद नवरीकडे येते हा रिवाज भाऊंनी गृहीतच धरला होता. साहेबांनी उष्टी हा कोकणातला एखादा वाण असेल असं समजून तो लिहून घेतला.

"ओली की वाळलेली?"

या प्रश्नावर भाऊ वरमले. सरकारला एवढी बारीक माहिती असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते काचेजवळ तोंड नेऊन हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगायचं तर संध्याकाळपर्यंत कोरडी असते. अंधार पडला की होते थोडी ओली, पोरं ऐकत नाहीत. पण यंदा आम्ही अगदी कोरडी ठेवणार आहोत."

"चांगलं करताय. ओली ठेवली की नासते."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," भाऊ म्हणाले.

साहेबांनी वाहन विचारलं, भाऊंनी डीजेवाल्या आर्यनच्या टेंपोचा नंबर दिला. साहेबांनी शिक्का मारला. इतकं सरळ, इतकं समंजस काम आपण आयुष्यात पाहिलं नाही, असं भाऊ घरी येईपर्यंत स्वतःशी म्हणत होते. परवाना संध्याकाळी मोबाइलवर आला. "माल: हळद (अत्यावश्यक वस्तू). प्रयोजन: वाहतूक व वितरण. वेळेची मर्यादा नाही. सोबत: चालक व एक मदतनीस."

पहिल्यांदा वाचून भाऊ घाबरले. दुसऱ्यांदा वाचून चिडले. तिसऱ्यांदा वाचायला घेतला तेव्हा मोबाइल टेंपोचं विचारायला आलेल्या आर्यनच्या हातात होता.

आर्यनचंही चुकलं असं म्हणता येत नाही. ऐन धंद्याच्या तोंडावर त्याने मोठे स्पीकर कर्जाने घेतले आणि आठवड्याभरात देश बंद झाला. वर्षभर स्पीकर गोडाउनात. त्यातल्या एकात उंदरीण व्यायली होती. मंडपवाला अंडी विकत होता, वाजपातला क्लॅरिनेटवाला मास्क विकत होता, आणि वडे तळणारी बाई, जिच्या हातचे वडे खायला लोक शिळफाट्याहून यायचे, ती घरात बसून स्वतःसाठी पोळ्या लाटत होती. एकेका हळदीवर गावातली किती चुलाणी पेटतात हे आदेश काढणाऱ्यांना कदाचित माहीत नसेल. आर्यनने परवान्यावरचे "हळद", "अत्यावश्यक" आणि "वेळेची मर्यादा नाही" एवढेच शब्द वाचले. बाकीचं वाचायची त्याला गरज वाटली नाही. रात्रीच्या आत अख्ख्या गावाला कळलं, की परशुरामने हळद अत्यावश्यक करून आणली.

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या दारात लोक अभिनंदनाला आले. येऊ नका म्हणून भाऊ ओट्यावरून हात हलवत होते, लोकांना वाटलं या म्हणतायत. परवाना माणसांचा नाही, मसाल्याचा आहे, असं ते घसा फोडून सांगत होते, आणि ऐकणारा प्रत्येक जण डोळा मारून म्हणत होता, कळलं भाऊ, मसाल्याचाच. शिकलेल्या माणसाने डोकं चालवलं असं सगळ्यांचं मत झालं. भाऊंच्या मनाला हे फार लागलं. ज्याने आयुष्यात कुणाचं एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही, त्याला गाव लबाड समजत होता, आणि तेही कौतुकाने.

परवाना परत करावा म्हणून ते पुन्हा त्या खिडकीवर गेले. खिडकी बंद होती. सांगलीचे साहेब पॉझिटिव्ह निघाले होते आणि कक्ष अख्खाच्या अख्खा घरी बसला होता. शेजारच्या खिडकीने कळवलं, की परवाना रद्द करायला मालाचं काय झालं हे दाखवावं लागतं.

परत आले तर घरासमोर मंडपाचे बांबू पडलेले, आर्यन उंदरांनी खाल्लेल्या वायरी जोडून आवाज तपासतोय, आणि त्या आवाजामागोमाग आलेले पोलीस हवालदार ओट्यावर बसलेले. वर्षभर नाक्यावर उन्हात उभं राहून हवालदारांचा रागही थकला होता. त्यांनी शांतपणे परवाना मागितला, वाचला आणि विचारलं, "हळद दाखवा."

गोदाबाईंनी देवाजवळची पितळेची वाटी आणून पुढे ठेवली. हवालदारांनी वाटीत डोकावून पाहिलं. एवढ्यासाठी टेंपो? असं त्यांनी विचारलं नाही, पण त्यांच्या भुवया विचारत होत्या. मग ते म्हणाले, "हे बघा काका, इथे चार माणसं जमलेली दिसली तर मी मंडपासकट उचलणार." दंड किती तेही त्यांनी सांगितलं, आणि गोदाबाईंनी वाटी उचलून पदराखाली घेतली. "आणि परवाना वाहतुकीचा काढलाय, तर माल फिरला पाहिजे. घरात ठेवून बसलात तर साठा धरतील."

हवालदार गेले. बांबू गेले. आर्यन स्पीकरवर डोकं टेकून बसला. गोदाबाई म्हणाल्या, की आता निदान नाक राहील असं काहीतरी करा, नाहीतर पोरीची हळद बिनहळदीचीच जायची. भाऊ मोबाइलवरचा परवाना उघडून बसले. अखेर त्यांचं तिसरं वाचन पूर्ण झालं. वाहतूक व वितरण. चालक व एक मदतनीस. हळद फिरू शकते. माणसं फिरू शकत नाहीत. ते हळूच उठले आणि कल्पिताला म्हणाले, "उद्या टेंपोत बसशील?"

हळदीच्या दिवशी सकाळी घरच्या घरी गोदाबाईंनी मुलीला पहिलं बोट लावलं, डोळे पुसले, आणि आर्यनचा टेंपो दारात लागला. मागच्या हौद्यात पाट मांडला, पाटावर पिवळ्या साडीत, पिवळ्या मास्कात कल्पिता बसली, आणि तिच्यापासून लांब, फळीच्या टोकाला हळदीची वाटी. परवान्यातली मदतनीस म्हणजे कल्पिताच. चालक स्वतः भाऊ, कारण तिसऱ्या माणसाला परवान्यात जागा नव्हती. त्यांच्याकडे लायसन होतं, पण टेंपो त्यांनी शेवटचा चालवला तेव्हा मानपाडा रोडला खड्डे कमी आणि बैलगाड्या जास्त होत्या. निघताना त्यांनी मागचा गियर टाकला आणि स्वतःच्याच तुळशीपुढची बादली चेपली. गोदाबाईंनी दुसरीकडे पाहिलं.

सगुणा धवलारीण पंचाहत्तरीची, तिलाही बाहेर आणायचं नव्हतं. ती आपल्या घरी खाटेवर बसून फोनवर गायची आणि आर्यनने टेंपोतला फोन स्पीकरला जोडला होता. पहिल्या धवल्यालाच गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या वळणावर फोन तुटला. आर्यनने सांगून ठेवल्याप्रमाणे कल्पिताने तो पुन्हा लावला, आणि फोन लागेपर्यंत त्या प्रचंड स्पीकरमधून करोनाची सरकारी सूचना सुरू झाली, आधी खोकला आणि मग हात धुण्याविषयी. अख्ख्या आळीने तो खोकला ऐकला. दोन दारं पटापट लागली. नवरीच्या हळदीत सरकार एवढ्या मोठ्या आवाजात खोकण्याची ती गावातली पहिलीच वेळ असावी. पुढे फोन जेव्हा जेव्हा तुटला तेव्हा तेव्हा ते झालं, आणि शेवटी शेवटी पोरं धवल्यापेक्षा खोकल्यालाच टाळ्या वाजवू लागली.

पण जमलं. प्रत्येक दारात टेंपो थांबायचा. घरातली मोठी बाई किंवा बाप्या आपली आंब्याची डहाळी घेऊन एकेकटा पुढे यायचा, वाटीत बुडवायचा, लांबूनच कल्पिताच्या कपाळाला, हाताला टेकवायचा आणि मागे जायचा. गर्दी नाही, रांग नाही. भाऊ आरशातून अंतर बघत होते आणि कुणी पुढे सरकला की हॉर्न वाजवत होते. आणि ज्यांना आपण जेवायला घालू शकलो नाही म्हणून भाऊंचा जीव तुटत होता, त्या प्रत्येक घरातून हौद्यात एक एक डबा येऊन पडत होता. कुणाकडचे वडे, कुणाकडचं सुकं बोंबलाचं, कुणाकडच्या तांदळाच्या भाकऱ्या. वडे तळणाऱ्या बाईने तर सगळ्या आळीचे वडे तळून दिले होते, वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या कढईला तेल लागलं. पोरीची हळद उपाशी जायची नाही, एवढंच सगळे म्हणत होते. भाऊंच्या चष्म्यावर वाफ जमली होती आणि ती मास्कमुळे जमते, हे सगळ्यांना माहीत आहे.

शेवटचं घर भिवादादांचं. तिथे नेण्याचं भाऊंनी सकाळपासून टाळलं होतं. तीनदा त्या गल्लीच्या तोंडाशी येऊन दुसरीकडे वळले होते. दार लावलेलंच असणार, टेंपोतल्या टेंपोत पोरगी रडणार, आणि ते आरशातून बघावं लागणार. पण हौद्यातून कल्पिताने दोनदा पत्रा ठोकला. भाऊंनी टेंपो गल्लीत घातला.

दार उघडं होतं. ओट्यावर खुर्ची टाकून भिवादादा बसले होते. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, दाढी केलेली, तोंडाला मास्क. दम लागू नये म्हणून पाठ भिंतीला टेकलेली. आणि हातात आंबे काढायची लांब काठी, जिच्या टोकाची जाळी सोडून तिथे आंब्याची डहाळी सुतळीने घट्ट बांधली होती. ओट्यापासून टेंपोपर्यंत अंतर बरोबर काठीएवढं. ते आधी मोजून घेतलेलं दिसत होतं.

"कवाशी बसलूंय," दादा म्हणाले. "तीनदा आवाज आला नि तीनदा गेला. मना वाटला, माजा घर नकाशान नाय बसत."

भाऊंनी इंजिन बंद केलं नाही. स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले. नियम सांगायला मोबाइल खिशात होता, पण हात खिशाकडे गेला नाही.

"दादा, नियम नव्हता तो," ते म्हणाले. "मी घाबरलेलो. तू आत होतास तेव्हापासून घाबरलेलोच आहे. तुला पुन्हा काही झालं तर मी कुणाच्या दारात जाऊन उभा राहू?"

गल्लीत सगुणाबाईचा धवला तेवढा चालू होता, आणि कधी नव्हे तो तुटत नव्हता. भिवादादांनी काठी उचलली. ती लांब असल्याने टोक थरथरत होतं. ते आधी वाटीत बुडलं, मग हवेत जरा भटकलं, आणि शेवटी कल्पिताच्या कपाळावर टेकलं, बराच वेळ टेकून राहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते आणि ती रडत होती. मग काठी पुन्हा वाटीत गेली, केबिनच्या उघड्या खिडकीतून आत आली आणि परशुरामभाऊंच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पिवळ्याधमक करून गेली.

"एवरा सांगाला तुना टेंपो लागला?" दादा म्हणाले.

भाऊंना आता समोरचं काहीच दिसत नव्हतं. टेंपो तिथेच, दादांच्या दारात, इंजिन चालू ठेवून उभा राहिला, आणि गल्ली बंद झाली.